मानसोपचाराचा पुरावा कधी आणि कोणावर मोजायचा? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

शासकीय मानसिक आरोग्यसेवेत समुपदेशनाचा विषय निघाला की 'पुराव्यावर आधारित उपचार' हे शब्द हटकून येतात आणि त्यांचा अर्थ बहुधा सीबीटी (विचार आणि वागणुकीच्या सवयी बदलण्यावर भर देणारा उपचार) किंवा मोजक्या सत्रांत आटोपणारे तत्सम उपचार एवढाच घेतला जातो. सायकोडायनॅमिक मानसोपचार, म्हणजे रुग्ण नात्यांमध्ये नकळत जे जुने साचे गिरवत राहतो ते उपचारकाशी होणाऱ्या संवादातून उलगडत नेणारी पद्धत, मात्र 'सिद्ध न झालेली' म्हणून बाजूला पडते. मी स्वतः याच पद्धतीने काम करते, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आपण लक्षात घ्यावेच. तरीही ही विभागणी आज उपलब्ध असलेल्या पुराव्याशी जुळत नाही.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा आपल्याकडे रास्त अभिमान बाळगला जातो. मानसिक आरोग्याचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सत्रे दिली आणि तीन महिन्यांनी त्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले आढळले. ही सत्रे न मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. तालुक्याच्या पातळीवर पहिला उपचार असाच असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न उरलेल्या 36 टक्क्यांचा आहे. त्यांना पुन्हा तीच सत्रे द्यायची, गोळ्या वाढवायच्या, की दुसरे काही?

नेमक्या अशाच रुग्णांवर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एक चाचणी झाली, जिचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. किमान दोन वर्षे नैराश्य असलेले आणि आधीचे किमान दोन उपचार निष्फळ ठरलेले 129 रुग्ण तिच्यात होते. दीड वर्षाची साप्ताहिक सायकोडायनॅमिक सत्रे संपली तेव्हा पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण ती मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत सारखेच अल्प होते, आणि मोजणी तिथेच थांबली असती तर उपचार निरुपयोगी ठरला असता. परंतु त्यानंतर दोन वर्षांनी, निदान अंशतः सुधारलेल्यांचे प्रमाण उपचार मिळालेल्या गटात 30 टक्के आणि नेहमीच्या सेवेवर असलेल्या गटात जेमतेम 4 टक्के निघाले. या दुसऱ्या, म्हणजे नियंत्रण गटाला तितकाच दीर्घ असा दुसरा कोणताही उपचार मिळाला नव्हता, हा या चाचणीवरचा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच दोन उपचारांची थेट तुलना करणारी चाचणी हवी. ॲमस्टरडॅममध्ये 341 रुग्णांवर सीबीटी आणि अल्पकालीन सायकोडायनॅमिक उपचार यांची थेट तुलना झाली, तेव्हा दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दोन्हीकडे पूर्ण बरे होणारे पाव हिश्शाहूनही कमी होते. (दोन्ही पंथांच्या अभिमान्यांनी हा आकडा समोर ठेवावा.) इंग्लंडमध्ये उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या नाइस संस्थेच्या 2022 च्या नैराश्यविषयक मार्गदर्शिकेत अल्पकालीन सायकोडायनॅमिक उपचाराचा पर्याय आहेच.

दोष आमच्या बाजूचाही आहे. मनाची खोली मोजपट्टीत मावत नाही, असे म्हणून आमच्या परंपरेने अनेक दशके मोजणी टाळली. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. एवढी जुनी परंपरा असताना भारतीय रुग्णांवरील भक्कम चाचण्या आमच्यापाशी असायला हव्या होत्या.

मोजायचे काय, हेही मात्र पाहावे लागेल. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांची झोप, भूक, उत्साह यांविषयी नऊ प्रश्न असतात. गुण उतरतात, झोप सुधारते, आणि तरीही एखादी बाई दर वेळी खुर्चीच्या कडेवर बसून "मॅडम, तुमचा वेळ घेतेय" असेच म्हणत राहते, कारण घरात आपले काही मागणे असू शकते हे तिने कधी धरलेलेच नसते. मी रजेवरून परतल्यावर ती प्रथमच माझ्यावर चिडते, आणि चिडूनही आपल्याला कोणी हाकलून दिले नाही हे तिला दिसते, तेव्हा उपचार खरा पुढे सरकलेला असतो. त्याची नोंद त्या कागदावर होत नाही. व्यक्तीचे कामकाज आणि नातेसंबंध तपासणाऱ्या श्रेणी वापरल्या, तर काही अंशी होऊ शकते.

म्हणून विनंती एवढीच की ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत, औषधे व प्राथमिक समुपदेशन यांनी बरे न झालेल्या रुग्णांना त्यांच्या संमतीने, चिठ्ठ्या टाकून, सीबीटी किंवा सायकोडायनॅमिक उपचाराची प्रत्येकी सोळा सत्रे द्यावीत. कोणाला कोणता उपचार मिळाला हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने त्यांची तपासणी सत्रांच्या अखेरीस आणि पुढे एक व दोन वर्षांनी करावी, आणि निष्कर्ष आमच्या विरुद्ध गेले तरी जसेच्या तसे प्रसिद्ध व्हावेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने सेवेचा हक्क दिला आहे; पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पदे भरल्याशिवाय आणि त्यांच्या कामावर अनुभवी पर्यवेक्षक नेमल्याशिवाय यातले काहीही होणार नाही. शिवाय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकारशास्त्र विभाग आपल्या खात्याकडे नसून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत. त्यांना सोबत घ्यायचे तर दोन्ही खात्यांचा संयुक्त शासन निर्णय लागेल, आणि त्याची सुरुवात आपल्या टेबलावरून व्हावी.

कळावे,
आपली नम्र,
शासकीय सेवेबाहेर काम करणारी एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट