आईच्या थकव्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

आईच्या रक्ततपासणीचा अहवाल मी इथल्या थायरॉइडच्या डॉक्टरांना दाखवला आणि त्यानंतर एक गोष्ट ठरवून टाकली. दिवाळी झाली की आईने दोन महिने माझ्याकडे पुण्याला राहायचे आहे. फोनवर विचारले असते तर आई, तू "मला काही धाड भरलेली नाही" म्हणाली असतीस आणि बाबा, तुम्ही "वयोमानाने व्हायचेच" म्हणून विषय मिटवला असता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हे केवळ वय नव्हे. आईचा टीएसएच 18 आला आहे. वाढत्या वयात तो थोडा वर सरकतो आणि तेवढ्याला डॉक्टर लगेच औषध देत नाहीत, परंतु इथे टी-4 हे मूळ संप्रेरकही कमी आहे. गळ्यातली ग्रंथी काम पुरे करीना म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तिला अधिकाधिक मोठ्याने हाका मारते आहे, आणि त्या हाकांचा आकडा म्हणजे टीएसएच. ऑक्टोबरच्या उकाड्यात आई पंखा बंद करून शाल पांघरते, पाटल्या साबण लावूनही निघत नाहीत, हरिपाठात वरचा सूर लागत नाही म्हणून ती मागच्या रांगेत जाऊन बसते, ही सगळी त्याच एका कारणाची लक्षणे असू शकतात असे डॉक्टर म्हणाले. आई, तू आळशी झालेली नाहीस. हे वाक्य तू दोनदा वाच.

बाबा, तुम्ही आयोडीनचा मुद्दा काढला होता आणि तो मुळीच चुकीचा नाही. आजीच्या गळ्याला गाठ होती त्या काळात आयोडीनची कमतरता हेच मोठे कारण असे. आपल्याकडे लोणच्याला आणि माशांना अजून मिठागराचे खडे मीठ लागते, हेही मी डॉक्टरांना सांगितले. पण रोजच्या स्वयंपाकात पुड्याचे मीठ आहे, खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला 2006 पासून देशभर बंदी आहे, शिवाय समुद्राचे मासे घरात येतात. आईचे कारण वेगळे आहे. तिच्या रक्तात अँटी-टीपीओ प्रतिपिंडे फार वाढलेली आहेत, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ग्रंथीला परके समजून तिची झीज करते आहे. हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये या विकाराचे वर्णन केले. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो आणि घराण्यातही चालतो. मालूमावशीचे कोड याच जातीचे दुखणे आहे. डॉक्टरांनी बाळंतपणांविषयीही बारकाईने विचारले, कारण काही जणींच्या ग्रंथीला बाळंतपणानंतर सूज येते आणि त्यातल्या कित्येकींची ग्रंथी पुढे कायमची मंदावते. धाकट्याच्या वेळी तुझे जे झाले, ज्याला आजी बाळंतवात म्हणत असे, ते तेव्हा कुणी तपासलेच नव्हते. त्यात कुणाचाही दोष नाही, तेव्हा आपल्याकडे कुणाची तपासणी होत होती?

मला अधिक काळजी वाटते ती हिमोग्लोबिनची. ते 9.4 आहे, बायकांचे निदान 12 हवे. थायरॉइडचे संप्रेरक तयार करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, लोह लागते, म्हणून लोह कमी पडले की ग्रंथी आणखी मंदावते, आणि थकव्याला दोन्हींकडून भर पडते. पाळी थांबलेल्या बाईचे लोह कमी असेल तर ते कुठे जाते हे शोधावेच लागते. गुडघ्यासाठी तू परस्पर घेतेस त्या गोळ्यांनी पोटात बारीक रक्तस्राव होऊ शकतो, आणि सकाळची ॲसिडिटीची गोळी बी-12, लोह, शिवाय पुढे सुरू होणारे थायरॉक्सिन म्हणजे थायरॉइडची गोळी, या सर्वांचेच शोषण कमी करू शकते. त्यामुळे नुसती थायरॉइडची गोळी लिहून घेऊन भागणार नाही. आईचा रक्तदाब लक्षात घेता आधी ईसीजी होईल आणि मगच अगदी कमी मात्रेने औषध सुरू होईल. मात्रा बदलली की रक्तातले प्रमाण स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि त्यानंतर फेरतपासणी होते. माझे दोन महिने तिथून आले आहेत, ती लेकीची हौस नव्हे.

बाबा, मोहोराच्या दिवसांत तुम्हाला कलमे सोडून यायला सांगणार नाही. दोन्ही वेळचा डबा शेजारच्या वहिनी देणार आहेत, तुमच्या भाजीत तिखट कमी घालायला त्यांना सांगितले आहे आणि पैशांचे माझे मी बोलले आहे. सकाळच्या चहासाठी गवती चहा खुडून ठेवला की झाले. मला ताप आला की तुम्ही सायकलच्या दांड्यावर उशी बांधून दवाखान्यात नेत होता आणि आई रात्रभर उशाशी बसून मऊ भाताचे घास भरवत असे. तेव्हा मला कुणी विचारत नव्हते, आणि त्या न विचारण्यात किती सुरक्षित वाटे हे मला आजही आठवते.

आई, येईपर्यंत केसांसाठीची बायोटिनची गोळी बंद ठेव, तिने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकतात. कुणी सांगितले म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, या विकारात जादा आयोडीन बाधते. शेजारणीच्या बाटलीतली थायरॉइडची गोळी तर मुळीच नको. कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा. इथे आल्यावर गोळी अनशापोटी फक्त पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासानंतर. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. तुझी सकाळ चहाशिवाय उजाडत नाही हे ठाऊक आहे, म्हणून गोळी पहाटे तुला जाग येते तेव्हाच देईन, पूजा आटोपेपर्यंत चहाची वेळ होते.

बाबा, सकाळच्या एसटीला तिला पुढची खिडकी मिळेल असे पाहा, कुंभार्ली घाटात तिला मळमळते. पिशवीत जुने सगळे अहवाल आणि ती घेते त्या प्रत्येक गोळीची पट्टी घाला, गुडघ्याच्या गोळ्यांची सुद्धा, तिने लपवली तरी. मी स्वारगेटला उभी असेन.

तुमची,
मनू