सुलोचनाचा शेवट बदल

शहापूर, बेळगाव

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मूकनाट्याचं लिखाण वाचलं. मांडणी आवडली, पण शेवट बदल, बाळ. 'बोलपट आला आणि मूकपटांची नटी सुलोचना संपली' असं दाखवू नकोस, ते खरं नाही. 14 मार्च 1931 ला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, लागला. सुलोचनाला हिंदुस्तानी नीट बोलता येत नव्हती. वर्षभर काम बाजूला ठेवून ती भाषा शिकली आणि 1932 मध्ये आपल्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलपटातून परत आली. अनारकली तर तिने 1928 मध्ये मुक्याने केली, 1935 मध्ये बोलून केली आणि 1953 च्या 'अनारकली'त ती जोधाबाई, म्हणजे सलीमची आई झाली. शेवट यावरच कर. ओढणी एकच ठेव: पहिल्यांदा खांद्यावर सैल, मग डोक्यावर, शेवटी कपाळापर्यंत ओढलेली. चालही तशीच जड होत जाऊ दे.

सुरुवात टेलिफोनच्या बोर्डापासून कर. सुलोचनाचं खरं नाव रूबी मायर्स, 1907 ची, जन्म पुण्याचा, ज्यू घरातली, नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. दिग्दर्शक मोहन भवनानींनी कोहिनूर या सिनेमा कंपनीसाठी विचारलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. बाईने सिनेमात जाणं लोकांना पटत नसे. ते सांगायला एक हात पुरे: प्लग लावायला पुढे गेलेला हात अधेमधे थांबतो, बस्स.

'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त (1927) तिने आठ सोंगं केली. तू तीनच घे: पोलीस, माळी, केळीवाली. वेष बदलायला आत जाऊ नकोस, लय तुटते. टोपी, झारी, पाटी एवढ्यावर भागव आणि दरवेळी आधी मान व खांदे बदल, वस्तू मागून उचल.

आता चित्रीकरण. ओठ नुसते हलवू नकोस, वाक्य खरंच म्हण, नाहीतर गळा मेल्यासारखा दिसतो. बोलायला लागलीस की एक-दोन सेकंदांनी टायटल, म्हणजे ते वाक्य लिहिलेली पाटी पडद्यावर, मग पुन्हा बोलणं संपवणारा चेहरा. टायटल सात-आठ शब्दांचं, वर मराठी, खाली कन्नड, कारण धारवाडच्या तुझ्या कॉलेजात दोन्ही वाचणारे बसणार. सावकाश दोनदा मोठ्याने वाचून होईल इतका वेळ ते पडद्यावर राहू दे.

धावपळीची चाल मुद्दाम करू नकोस. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी. तीच फीत पुढे 24 च्या वेगाने चालवली की माणसं दीडपट वेगाने पळतात. तो दोष यंत्राचा आहे, त्या बाईंच्या अभिनयाचा नाही, आणि लोक त्यावर हसतात याचं मला फार वाईट वाटतं.

रंगाचं सांभाळ. त्या काळी सर्रास वापरायच्या फिल्मवर लाल रंग उमटतच नसे, म्हणून लाल ओठ काळे ठिक्कर दिसत. तसं हवं असेल तर शूटिंग रंगीतच कर आणि नंतर काळं-पांढरं करताना लाल अगदी खाली, निळा वर घे. कुंकू काळं येईल, चेहराही सावळा होईल, म्हणून पावडर थोडी जास्त लाव आणि ओठांना काही लावू नकोस.

पाटी आणि ओढणी उद्याच्या धारवाड गाडीने पाठवतो. ओढणी आईची फिकी निळी निवडली आहे, ती पांढरीच दिसेल.

तुझे
बाबा