चावीची आगगाडी भंगारात देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पत्र्याचा डबा निघाला. आत माझ्या लहानपणची चावीची आगगाडी होती. चावी नुसतीच फिरत होती, आतली स्प्रिंग तुटलेली. घरच्यांनी ती भंगाराच्या पिशवीत टाकलीही. पण नातीने इंजिन उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "आजोबा, या दारातून ड्रायव्हर आत कसा जाणार?" या एका प्रश्नाने मला आठ महिने कामाला लावले.

मी चाळीस वर्षे टर्नर म्हणून, म्हणजे लेथवर धातू कातायची, नोकरी केली. माप घेतल्याशिवाय माझा हात चालत नाही. रुळांना व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला; आतून आत ३२ मिलिमीटर. रुळांमधल्या या अंतराला गेज म्हणतात, आणि खेळण्यांतल्या ३२च्या गेजला ओ गेज. विलायतेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रेल्वेला ते साधारण एकास पंचेचाळीस, म्हणजे खऱ्याच्या पंचेचाळीसाव्या भागाइतके, पडते. आपली ब्रॉडगेज १६७६ची, त्यामुळे आपल्याकडच्या मॉडेलवाल्यांची नेहमीच पंचाईत होते. हल्ली मिळणाऱ्या एचओ, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरच्या, रुळांवर एकास सत्त्याऐंशीचे आपले इंजिन ठेवले, तर रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पडतात. मग नेरळ-माथेरानची छोटी गाडी आठवली. बदलापूरच्या माणसाला ती खरे तर आधीच आठवायला हवी होती. तिचा गेज ६१० मिलिमीटर. त्याला ३२ने भागा, एकोणीस येतात! म्हणजे एकास एकोणीस हे प्रमाण धरले, तर माझे साठ वर्षांपूर्वीचे रूळ हे हुबेहूब माथेरानचे रूळ आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

साडेपाच फुटी ड्रायव्हर या प्रमाणात ८८ मिलिमीटरचा होतो. कार्डबोर्डचा तेवढा माणूस कापून इंजिनाशेजारी उभा केला, तर धुराड्याचे टोक त्याच्या खांद्याला! नातीचे बरोबर होते. खालचा सांगाडा आणि चाके ठेवली, वरचे सगळे उतरवले.

१९०७ साली ही लाइन सुरू झाली, तेव्हाची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. सहा चाके, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या. माझ्या खेळण्याला चारच चाके. तिसरी जोडी मित्राच्या लेथवर काढली, पण सहाही चाके ताठ बसवल्यावर इंजिन प्रत्येक वळणावर रूळ सोडू लागले. मूळ इंजिनात यावर फार सुंदर उपाय आहे. पुढची आणि मागची चाके पोकळ ॲक्सलवर असतात, त्यामुळे वळण आले की ती जराशी सरकतात आणि वळतात. याला क्लीन-लिंडनर ॲक्सल म्हणतात. एवढ्याशा जागेत मला ते करता आले नाही. मी बाहेरच्या दोन्ही ॲक्सलना दीड-दीड मिलिमीटर मोकळीक दिली आणि मधल्या चाकांचे फ्लँज, म्हणजे रुळावर धरून ठेवणारी कड, उतरवले. गाडी वळली.

टाक्या पितळी पत्र्याच्या केल्या. रिव्हेटसाठी पत्रा जुन्या रबरी चपलेवर पालथा ठेवायचा, बोथट केलेले कर्कटक मागून दाबायचे, की पुढून बारीक दाणा उठतो. एका बाजूला शंभराहून अधिक दाणे. रांग केसभर वाकली तरी रंग दिल्यावर डोळ्यांत खुपते. दोन पत्रे त्यापायी बाद केले. तिसरा साधला, तर डाख देताना जास्त तापवला आणि आधीचे जोडच सुटले. तेव्हापासून ओल्या चिंधीने जोड झाकून मगच काम करतो.

स्प्रिंगच्या जागी छोटी मोटर आणि तिचा वेग कमी करणारा, स्क्रूसारखा वर्म गिअर आहे. माथेरानचा चढ वीसला एक, म्हणून मीटरभर फळीचे एक टोक पाच सेंटिमीटर उचलले. चाके जागच्या जागी फिरली. वजन वाढावे म्हणून टायर बॅलन्सिंगच्या शिशाचे तुकडे टाक्यांत भरले, मग इंजिन दोन डबे घेऊन सावकाश वर गेले. नात खाली गुडघ्यावर बसून पाहत होती.

वाचकांना विनंती, माळ्यावर अशी गाडी असेल तर किलोच्या भावाने देऊ नका. आधी रुळांमधले अंतर मोजा. शाळांनीही हे काम हाती घ्यावे. भागाकार, प्रमाण आणि कानस धरणे, तिन्ही एका इंजिनात शिकता येते.

आणखी एक मागणी. नेरळला जुने वाफेचे इंजिन जपून ठेवले आहे. त्याच्याशेजारी मापांसह आराखड्याचा एक फलक लावावा. लांबी, उंची, चाकांचा व्यास, दोन ॲक्सलमधले अंतर, एवढे पुरे. मुले तिथे फोटो काढतातच, मापेही उतरवून नेतील.

माझ्या केबिनला अजून पायरी नाही, तिची उंची फोटोवरून धड कळत नाही. रविवारी नातीला आणि मोजपट्टी घेऊन पहिल्या कर्जत लोकलने नेरळला जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर, बदलापूर