रात्री दोन वाजता जागा असलेला रेडिओ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा आणि सबमिशनचे दिवस जवळ आले की ‘हल्लीची मुले कानात इअरफोनची बोंडे खुपसून अभ्यास करतात, डोक्यात काय शिरणार?’ अशा अर्थाची दोन-चार पत्रे आपल्या पत्रस्तंभात हटकून येतात. यंदाही आली. मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे आणि नागपुरातल्या एका आर्किटेक्चर महाविद्यालयात शिकवायला जाते, त्यामुळे ही बोंडेवाली मुले माझ्या रोजच्या बघण्यातली आहेत. पत्रलेखकांना एवढेच विचारते, की तुम्ही रात्री जागत होतात तेव्हा निःशब्द शांततेत जागत होतात का? माझ्या ओळखीत तरी तसे कुणी नाही. तेव्हा सोबतीला आकाशवाणीची रात्रभराची वाहिनी होती; ती सरकारी खर्चाने चालायची आणि पुढे खर्चाच्याच कारणाने बंद झाली. हे पत्र त्याबद्दल आहे.

रेडिओच्या आठवणी निघाल्या की लोक सिलोनवरची बिनाका गीतमाला काढतात, विविध भारतीचे ‘छायागीत’ काढतात. आठवणी खऱ्याच आहेत. पण गीतमाला बुधवारी रात्री आठला लागायची, छायागीत दहाला. ती जेवणाची नि अंथरुणे घालायची वेळ. अकरा वाजले की आकाशवाणीची केंद्रे एकेक करून निरोप घ्यायची, आणि जागणाऱ्याची खरी रात्र तिथून पुढे असायची. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

त्या रात्रीसाठी आकाशवाणीने मे १९८८ मध्ये नॅशनल चॅनल सुरू केले होते. संध्याकाळी सातच्या आत सुरू व्हायचे ते सकाळी सहा वाजून गेल्यावर थांबायचे. त्याच्या मोठ्या प्रक्षेपकांपैकी एक आमच्या नागपूरजवळ होता: मध्यम लहरी, १५६६ किलोहर्ट्झ, एक हजार किलोवॉट. मध्यम लहरींचा स्वभावच रात्रीचा. दिवसा त्या जमिनीलगत चालतात आणि थोड्या अंतरावर दमतात. सूर्य मावळला की वरच्या वातावरणातला त्यांना शोषणारा थर विरतो आणि त्या आकाशातून परतून शेकडो किलोमीटरवर जाऊन उतरतात. म्हणून रात्री देशाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकसंख्येपर्यंत ही वाहिनी पोचते, असे आकाशवाणी सांगत असे.

आम्हाला अर्थातच लोकसंख्येशी काही देणेघेणे नव्हते. नव्वदच्या दशकाची सुरुवात, मुलींचे वसतिगृह, एका खोलीत चौघी आणि मधल्या टेबलावर एक ट्रान्झिस्टर. नागपूर ‘अ’ केंद्र ५८५ वर, म्हणजे काटा पार डावीकडे. ते बंद झाले की काटा उजव्या टोकाला न्यायचा, १६००च्या थोडा अलीकडे. ज्यांनी तो काटा फिरवलाय त्यांना ठाऊक असेल, की मधल्या प्रवासात काय काय भेटायचे: कुठले तरी तमिळ भाषण, आकाशवाणीच्या उर्दू सर्व्हिसवरचे जुने गाणे, शिट्ट्या, खरखर. आमच्यातल्या एकीला उर्दू सर्व्हिसच हवी असायची. त्यावरून रोज भांडण. शेवटी जिचे शीट सर्वांत मागे तिने केंद्र ठरवायचे असा नियम झाला, आणि मग दया येऊन का होईना, बाकीच्या ऐकून घ्यायच्या.

शीट म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते. ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंगच्या पेनाने इमारतीच्या नकाशाचे इंकिंग, म्हणजे शाईने रेघा काढणे. पेनाची नळी केसाएवढी बारीक, पाच मिनिटे उघडी राहिली की शाई सुकून बसते. मग पेन कानाशी धरून हलवायचे, आत टिकटिक ऐकू आली तर जीव भांड्यात पडायचा. रेघ चुकली की शाई अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायची, तीही कागदाला भोक पडणार नाही अशा बेताने. आणि एप्रिलातले नागपूर! कूलर लावला तर त्याच्या ओल्या हवेने ट्रेसिंग पेपर फुगून लाटा धरतो आणि टी-स्क्वेअर (सरळ रेघांची टी-आकाराची पट्टी) त्यावर बसत नाही. म्हणून कूलर बंद. पंखा लावला तर कागद उडतो, म्हणून पंखाही बंद. घामाचा थेंब शीटवर पडू नये म्हणून कपाळाला ओढणी बांधून चौघी वाकलेल्या. अशा वेळी एक फायदा व्हायचा: कूलरची घरघर थांबली की रेडिओ स्वच्छ ऐकू यायचा. ट्यूबलाइटची चोक मध्ये गुणगुणे, पण रेडिओ आडवा फिरवून ठेवला की तेही कमी होई. मध्यम लहरींचा रेडिओ कुठल्या तोंडाने ठेवलाय याला महत्त्व असते, हे भौतिकशास्त्राच्या तासाला नाही, त्या टेबलावर कळले.

रात्र थोडी नि सोंगे फार, अशीच ती अवस्था. शेजारच्या अभियांत्रिकीच्या मुली काचेखाली दिवा ठेवून एकमेकींच्या शीटवर जीटी (ग्लास ट्रेसिंग, म्हणजे काचेवर ठेवून नक्कल) मारायच्या, त्याही अधूनमधून आमच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, ‘काय गं, बातम्या झाल्या का?’ कारण त्या वाहिनीवर तासातासाला बातम्या असायच्या. बातमीत काय आहे याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हते. दोन वाजले, तीन वाजले, हे कुणीतरी माणसाच्या आवाजात सांगितले की काम किती उरले याचा हिशोब लागायचा. घड्याळ भिंतीवर होतेच, पण घड्याळाकडे आपण बघायचे असते.

आता पत्रलेखकांच्या मुद्द्याकडे येते. गाणी ऐकत पाठांतर होत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. कलमे, सनावळ्या, सूत्रे पाठ करताना मराठी गाणे लागले की शब्द शब्दांना आडवे जातात. पण विद्यार्थ्याचे रात्रीचे सगळे काम पाठांतराचे नसते. भिंतीच्या काटछेदात विटांच्या तिरप्या रेघा भरणे, झाडांचे ठिपके देणे, माउंटबोर्ड कापून मॉडेल चिकटवणे यांत हात गुंतलेला आणि डोके अर्धे मोकळे असते. त्या मोकळ्या अर्ध्याला काही दिले नाही तर ते झोपते, आणि हातात कटर असताना ते झोपणे परवडत नाही. आज रेघांऐवजी ऑटोकॅड आहे, ठिपक्यांऐवजी रेंडरिंग आहे, पण ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, आदल्या रात्री स्टुडिओतला उजेड तसाच पहाटेपर्यंत असतो. मुले ‘नाइट मारणे’ म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो.

आणखी एक गोष्ट त्या वाहिनीने केली, जी आता कुणीच करत नाही. ती रात्रीचे संगीत रात्री लावायची. चित्रपटगीते, गझला असायच्या, पण उशिरा शास्त्रीयही असायचे. मला घरून गाण्याचा वारसा काही नव्हता. दरबारी, मालकंस, सोहनी ही नावे मी निवेदकाकडून ऐकली, आणि ज्या प्रहरी ते राग गायचे असतात त्याच प्रहरी ऐकले. पहाटे ललत किंवा भैरव लागला की आम्हाला कळे, आता शीट गुंडाळून नकाशाच्या प्रती काढणाऱ्या अमोनिया प्रिंटच्या दुकानासमोर रांग लावायची वेळ झाली. आज हे प्रत्यक्ष मैफिलीतही मिळणे अवघड आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. काही मोजक्या दिवशी बारापर्यंतची सवलत तेवढी मिळते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर चालायचा, तोही आता दिवसाकडे सरकला आहे. नियम योग्यच आहेत, घरात आजारी माणूस असणाऱ्याला विचारा. पण मग मध्यरात्रीच्या रागांनी जायचे कुठे? बारीक आवाजात लावलेल्या रेडिओला हा नियम आड येत नाही. आकाशवाणीच्या संग्रहात थोरामोठ्यांची ध्वनिमुद्रणे आहेत, ती सकाळी साडेनऊला वाजवून काय साधते?

नॅशनल चॅनल जानेवारी २०१९ मध्ये बंद केले गेले. कारण दिले ते खर्चकपातीचे. मध्यम लहरींचा एवढा मोठा प्रक्षेपक रात्रभर चालवायचा म्हणजे विजेचे बिल येणारच, हे मला कळते. ऐकणारे कमी झाले होते हेही खरे असेल. माझी तक्रार प्रक्षेपक बंद केल्याची नाही. मात्र त्याबरोबर रात्रभर जागा राहणारा निवेदकही घरी गेला.

‘आता मोबाइलवर लाखो गाणी आहेत’ हे उत्तर मला माझे विद्यार्थीही देतात. त्यांच्याकडे बघत असते ना मी. फेव्हिकॉलने माखलेल्या बोटांनी दर तीन मिनिटांनी फोन उचलतात, गाणे बदलतात, बदलता बदलता निरोप बघतात, आणि वीस मिनिटांनी मॉडेलकडे परततात तेव्हा फेव्हिकॉल वाळलेला असतो. निवड करणे हेही कामच आहे, आणि रात्री दोन वाजता ते काम दुसऱ्या कुणीतरी करावे असे वाटते. शिवाय स्टुडिओत चाळीस मुले आणि चाळीस वेगवेगळी गाणी, भांडायचीसुद्धा सोय नाही. खासगी एफएमवर रात्रभर गाणी असतात, पण माझ्या रेडिओवर जी लागतात ती बहुतेक यंत्राने ओळीने लावलेली. मधून जाहिरात येते, वेळ सांगायला कुणी येत नाही. स्वतःच्या बातम्या देण्याची तर त्या वाहिन्यांना परवानगीच नाही.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. आकाशवाणीने रात्री अकरा ते पहाटे पाच अशी मराठी रात्रसेवा सुरू करावी. हजार किलोवॉट नकोत. केंद्रांचे एफएम प्रक्षेपक आहेत, मोबाइलवरचे ॲप आहे, तेवढे पुरे. एका केंद्रावर भार नको म्हणून रात्री वाटून घ्याव्यात: एक मुंबईची, एक पुण्याची, एक नागपूरची, मग छत्रपती संभाजीनगर, सांगली, जळगाव, रत्नागिरी. आठवडा भरतो. पणजीला हवे असेल तर रत्नागिरीने शेजारधर्म पाळावा. रात्री सांगलीचा माणूस बोलतोय की जळगावचा, हे नागपुरात बसून ओळखण्यातही एक मजा आहे. निवेदकांची वाण नाही. केंद्रांवर नैमित्तिक निवेदकांच्या याद्या असतात, आणि युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमासाठी आकाशवाणीने विद्यार्थ्यांनाच माइकसमोर बसवल्याचा अनुभव गाठीशी आहे. अट एकच असावी, की आवाज आधी भरून ठेवलेला नको. निवेदक खरोखर जागा हवा. त्याला जांभई आली तरी चालेल.

ऐकणार कोण, असा प्रश्न केंद्रसंचालक विचारतीलच. विद्यार्थी तर आहेतच, पण रात्रपाळीच्या परिचारिका, टोलनाक्यावरची मुले, वर्तमानपत्राच्या छपाईवरचे लोक (आपल्याकडेही असतील), पहाटेच्या पावासाठी मध्यरात्री भट्टी पेटवणारे, हे सगळे हाताने काम करणारे आणि डोके जागे ठेवू पाहणारे लोक आहेत. तरी एकदम वर्षभराचा खर्च नको असेल तर प्रयोग फक्त नोव्हेंबर आणि एप्रिलमध्ये करून पाहावा. ते आमच्या सबमिशनचे महिने. जाहिरातीवर खर्च करण्याची गरज नाही. कुठल्याही आर्किटेक्चर महाविद्यालयाच्या दारावर एक कागद चिकटवला तरी पुरेल, आमच्या महाविद्यालयातला मी चिकटवते.

आपली,
एक वास्तुविशारद वाचक, नागपूर