बॅलेच्या क्लासातली शिस्त आणि छळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कथक किंवा भरतनाट्यमच्या क्लासात काय चालतं, याचा आपल्याकडच्या आईबाबांना थोडाफार अंदाज असतो. बॅलेचा नसतो. मग मूल रडवेलं घरी आलं, तरी ‘शिस्त कडक असणारच’ म्हणून विषय मिटतो. संस्थेच्या नावावरही विसंबू नये. व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीबद्दल 2019 साली आलेल्या चौकशी अहवालात, बारीक राहण्यासाठी मुलांना सिगारेट ओढायला सुचवलं जाई आणि नावाबरोबर कपड्यांच्या मापानेही हाक मारली जाई, असं नमूद आहे.

दुरुस्ती हालचालीची असते : ‘गुडघा ताण’, ‘खांदे खाली’. ‘मांड्या बघ तुझ्या’ ही दुरुस्ती नव्हे. शिकवताना हात लावावा लागतो, पण तो विचारून आणि हलका. स्प्लिटसाठी, म्हणजे दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीला टेकवण्यासाठी, पाठीवर बसणं किंवा पाय खाली दाबणं म्हणजे मांडीच्या मुळाशी इजेला आमंत्रण. पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. तिथे तेवढा वळत नसताना पावलं जबरदस्तीने 180 अंशांत ठेवली, की पीळ गुडघ्याला आणि घोट्याला बसतो. घरी तपासता येतं. प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवताना, गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी. ती आत झुकत असेल, तर पावलं इतकी वळवायला कोणी सांगितलं, ते विचारा.

मुलांमुलांतला त्रास बहुधा चेंजिंग रूममध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. आंबाड्याच्या पिना, शूज लपवणं, बारवर, म्हणजे सरावात धरायच्या आडव्या दांड्यापाशी, शेजारी उभं राहू न देणं, पडल्याचा व्हिडिओ फिरवणं. मुलग्यांना ‘बायल्या’ म्हणणं तर इतकं सर्रास, की मोठेही हसतात. क्लासच्या दिवशीच पोट दुखणं, डबा न खाता परत येणं, लिओटार्डवर, म्हणजे क्लासच्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखावर, टी-शर्ट घालायचा हट्ट, या खुणा समजा. पाळी सुरू झालेल्या मुलीची ती सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे न्याच.

‘कोणी त्रास देतं का?’ याचं उत्तर ‘नाही’च येतं. त्यापेक्षा ‘आज बारवर शेजारी कोण होतं? कपडे बदलताना काय गप्पा झाल्या?’ असं विचारावं. ऐकलेलं त्याच रात्री, मुलाच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा, स्क्रीनशॉट जपा. पालकांच्या ग्रुपवर भांडू नका, त्याची फेड क्लासात मुलालाच करावी लागते. संचालकांना ईमेल करा : काय घडलं, कोणासमोर, आणि काय हवं, उदाहरणार्थ चेंजिंग रूममध्ये फोनबंदी, बाहेर एक जबाबदार बाई. उत्तरासाठी आठवडा द्या. दोघांना समोरासमोर बसवून ‘सॉरी’ म्हणायला लावण्याला मात्र नकार द्या. त्रास झालेलं मूल त्यानंतर तोंड उघडत नाही.

मारहाण किंवा लैंगिक स्पर्श असेल, तर संचालकांच्या उत्तराची वाट पाहायची नाही. चाइल्डलाइन 1098 किंवा थेट पोलीस. लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती कळवणं 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, संचालकांवरही.

क्लास बदलला तर ग्रेड वाया जातील, या धास्तीने अनेक पालक गप्प बसतात. रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या बॅलेच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या संस्थेची पास झालेली ग्रेड मुलाच्या नावावर असते, क्लासच्या नव्हे. प्रमाणपत्र आणि परीक्षार्थीचा ओळख क्रमांक तेवढा मागून घ्या.

– काही बॅले प्रशिक्षक, पुणे