चिकटले म्हणजे औषध झाले, असे नव्हे

महोदय,

संगणकावर बेतलेले एखादे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) विषाणूच्या प्रथिनाला घट्ट चिकटले, की ‘जीवघेण्या विषाणूवर औषध सापडले’ अशी बातमी येते. या कामात चिकटणे ही सर्वांत सोपी पायरी आहे. पुढे काय अडते, ते एचआयव्हीवरच्या एनफुव्हिर्टाइड या पेप्टाइड औषधाकडे पाहिले की कळते.

एचआयव्ही पेशीत शिरताना त्याचे जीपी-४१ हे प्रथिन आधी ताठ होऊन पेशीच्या आवरणात रुतते, मग मधोमध दुमडते. त्याचे दोन सर्पिल भाग एकमेकांवर बसतात आणि विषाणूचे व पेशीचे आवरण ओढले जाऊन एक होते. एनफुव्हिर्टाइड ही त्यातल्या दुसऱ्या भागाची ३६ अमिनो आम्लांची नक्कल. ती पहिल्या भागावर आधीच जाऊन बसली की दुमडणे थांबते. मात्र ही संधी थोडाच वेळ असते. शिरकाव झाल्यावर पेप्टाइडचा त्या पेशीला उपयोग नाही. म्हणजे रक्तात ते सतत पुरेसे हवे, आणि इथेच घोडे पेंड खाते. शरीरातली विकरे (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात. निम्मे औषध चार तासांच्या आत नाहीसे होते. म्हणून २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती रोज दोनदा ९० मिलिग्रॅम, त्वचेखाली टोचून घेण्यासाठी. कुपीतली पूड १.१ मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. हलवली तर फेस होतो, म्हणून हातात हळूच फिरवत राहायचे, आणि पूर्ण विरघळायला कधी पाऊण तासही लागतो. चाचण्यांत ९८ टक्के रुग्णांना टोचल्या जागी गाठी, वेदना किंवा लाली आली.

उत्पादनाचा हिशेबही पाहावा. एका रुग्णाला वर्षाला सुमारे ६६ ग्रॅम औषध लागते. साखळीत ३५ जोडण्या; प्रत्येक ९९ टक्के यशस्वी झाली तरी शेवटी ७० टक्केच साखळ्या पूर्ण निघतात, ९५ टक्क्यांवर तर जेमतेम १७. एखाद-दुसरे अमिनो आम्ल गळालेल्या साखळ्या अस्सल साखळीपासून वेगळ्या करणे फार कठीण. म्हणून तीन तुकडे वेगळे बनवून नंतर द्रावणात जोडावे लागले. एवढे करून जीपी-४१च्या ३६ ते ४५ या जागांमध्ये एखादा बदल झाला की विषाणू निसटू लागतो.

नंतरच्या एका औषधाने वेगळी वाट धरली. हिपॅटायटिस डी वरचे बुलेव्हिर्टाइड (युरोपात सशर्त मान्यता २०२०) ४७ अमिनो आम्लांचे, एका टोकाला मिरिस्टिक आम्लाची शेपटी असलेले. ते विषाणूला न धरता यकृतपेशीवरचे एनटीसीपी हे प्रथिन, म्हणजे विषाणूची आत शिरण्याची वाटच, अडवते. मात्रा रोज फक्त २ मिलिग्रॅम. पण एनटीसीपीचे खरे काम पित्तक्षार आत घेण्याचे, त्यामुळे रक्तातले पित्तक्षार वाढतात. मानवी प्रथिन अडवण्याची ही किंमत आहे.

आपल्याकडे हा विषय निपाह या विषाणूमुळे जवळचा आहे. २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत त्याचे अंश सापडले. निपाहचे एफ प्रथिन जीपी-४१सारखेच दुमडते, आणि कोलेस्टेरॉलची शेपटी जोडलेल्या पेप्टाइडांनी हॅम्स्टरना वाचवल्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. शेपटीमुळे पेप्टाइड पेशीच्या आवरणात टिकते, पण लाल पेशी फुटत नाहीत ना, ते तपासावेच लागते. पहिली चाळणी खऱ्या विषाणूशिवाय, फक्त त्याची प्रथिने पांघरलेल्या निरुपद्रवी विषाणूंवर साध्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. उरलेली दोन-चार पेप्टाइडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या बीएसएल-४ (सर्वोच्च जैवसुरक्षेच्या) प्रयोगशाळेकडे जावीत.

तेव्हा अशी बातमी छापताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: ३७ अंशांवर मानवी सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) पेप्टाइड किती तास शाबूत राहिले? आणि प्राण्यांना ते संसर्गाआधी दिले होते की नंतर, आणि नंतर असेल तर किती तासांनी?

– पेप्टाइड रसायनशास्त्राचे अध्यापक, पुणे