तंजावरच्या आजी

ती. आई-बाबा,

तंजावरला जाऊन आले. फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा, ऑपरेशननंतर तिने एवढ्यात मोबाईल डोळ्यांसमोर धरायला नको.

चेन्नईहून रात्रीच्या ट्रेनने निघाले, पहाटे उतरले आणि रिक्षावाल्या काकांनी थेट देवळापाशी सोडलं. तिथे बृहदीश्वराला सगळे पेरिय कोविल म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ, बास. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं, शिखर २०० फुटांहून उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि शहराबाहेर बघावं तिकडे कावेरीच्या पाण्यावरची सपाट भातखाचरं, त्यामुळे एवढा दगड आणला कुठून नि वर चढवला कसा ह्याच विचारात मी कितीतरी वेळ नुसती मान वर करून उभी होते. सकाळची फरशी पायांना गार लागत होती. बाहेरच्या फुलवालीने माझे मोकळे केस बघून स्वतःच गजरा माळला, पैसे द्यायला गेले तर हात मागे घेतला, पहिल्यांदा आलीस ना, राहू दे म्हणाली.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. आवारातल्या भिंतीवर चक्क मराठी लेख आहे, देवनागरीत, ओळींमागून ओळी, भोसले घराण्याचा सगळा इतिहास. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलाय. बाबा, व्यंकोजीराजे म्हणजे महाराजांचे सावत्र भाऊ, ते इकडे आले आणि १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती हे तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलं होतं, तेव्हा मी नुसतं हो हो केलं होतं. आता त्या भिंतीसमोर उभी राहून एकेक शब्द लावत मोठ्याने वाचत होते, भाषा जुनी, सारखी अडखळत होते, तर मागून एक वेष्टी नेसलेले काका म्हणाले, "मराठी का तुम्ही?" अंगावर काटाच आला.

ते तिथलेच, कित्येक पिढ्यांपासूनचे. सातारा म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका, आणि घरी जेवायला चला म्हणून मागेच लागले. आई, तू रागावशील अनोळखी माणसाच्या घरी गेलीस म्हणून, पण बरोबर त्यांची बायको आणि लेक होती, आणि घर जवळच होतं. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम, आत जोत्यावर त्यांची आई बसलेली. ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या मराठीचा हेल पूर्ण तमिळ, मधूनमधून अख्खं वाक्यच तमिळ, आणि मग एकदम एखादा असा शब्द की मला आपली पणजी आठवावी. महाराष्ट्र त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. घरात मात्र मराठीच बोलायचं हे त्यांनी मुलांना, नातवंडांना लावून दिलंय, नात कंटाळते म्हणाल्या, तरी बोलते.

जेवायला केळीच्या पानावर भात, सांबार, आणि बाजूला एक पांढरं दह्यातलं काहीतरी. डांगर पच्चडी म्हणाल्या. आई, अगं आपलं डांगर! भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वर मोहरी-हिंगाची फोडणी. तू कच्चा कांदा घालतेस, त्यांच्यात तो नव्हता, एवढाच काय तो फरक. मी तीनदा मागून घेतलं आणि आजी माझ्या पानाकडे बघत नुसत्या हसत होत्या.

दुपारी काकांनीच सरस्वती महाल ग्रंथालय दाखवायला नेलं. सरफोजीराजांनी वाढवलेलं, ताडपत्रांवरच्या पोथ्या आहेत, मोडीतल्या कागदपत्रांची दफ्तरं आहेत. आई, ते राजे डोळ्यांचे उपचारही करवून घ्यायचे लोकांवर, रुग्णांच्या नोंदी नि डोळ्यांची रंगीत चित्रं अजून जपून ठेवलीत, मला तर तुझा पट्टी बांधलेला डोळाच आठवला. आणि बाबा, मोडी म्हटल्यावर माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक आठवली. त्यातले मोडीतले कागद गेल्या दिवाळीत रद्दीत टाकायचे म्हणत होतात ना, प्लीज टाकू नका. मी गणपतीत येतेय तेव्हा सगळ्यांचे फोटो काढून घेऊ आणि वाचणारं कोणी मिळतंय का ते मी शोधते. तोवर फक्त वाळवी लागली नाही ना तेवढं शेजारच्या कोणाला तरी वर चढून बघायला सांगा, तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका, गुडघे सांभाळा.

निघताना आजींनी माझा हात किती वेळ सोडला नाही. तुझ्या आईशी बोलायचंय म्हणाल्या, साताऱ्याची मराठी कशी असते ते ऐकायचंय. मी नंबर देऊन आलेय. आई, रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन येईल, नवीन नंबर आहे म्हणून कट करू नकोस. त्यांना जरा कमी ऐकू येतं, सावकाश आणि मोठ्याने बोल, आणि डांगरात तू कांदा का घालतेस ते त्या नक्की विचारतील.

तुमची,
सोनू